विनाशिका आपली, सुटे भाग कोणाचे?

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत एकाच दिवशी तीन युद्धनौका दाखल झाल्या : ‘निलगिरी’ ही फ्रिगेट, ‘वाघशीर’ ही पाणबुडी आणि ‘सुरत’ ही क्षेपणास्त्रवाहू विनाशिका. तिन्ही माझगाव गोदीत बांधलेल्या. त्या दिवशी ‘सुरत’च्या नावापुढे एक आकडा हमखास दिसत होता : ७५ टक्के स्वदेशी. आकडा खरा आहे. त्यामागे माझगाव, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली इथल्या हजारो माणसांची तीस-चाळीस वर्षांची मेहनत आहे आणि तिचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण उरलेल्या पंचवीस टक्क्यांत काय आहे, हे टक्केवारीतून कळत नाही. ‘सुरत’च्या पोटात चार गॅस टर्बाइन आहेत. ७,४०० टनांचे, १६३ मीटर लांबीचे ते जहाज ताशी तीस सागरी मैलांहून अधिक वेगाने धावते ते या चार यंत्रांच्या जोरावर. ही यंत्रे युक्रेनमधल्या मिकोलाइव्ह शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त या कारखान्याची आहेत. ‘कोलकाता’, ‘कोची’, ‘चेन्नई’ आणि ‘विशाखापट्टणम’, ‘मुरगाव’, ‘इम्फाळ’, ‘सुरत’ या आपल्या सात सर्वांत नव्या विनाशिकांमध्ये मिळून अशी अठ्ठावीस यंत्रे आहेत. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे. मिकोलाइव्हवर तोफा आणि क्षेपणास्त्रांचा मारा झाला, कारखान्यालाही त्याची झळ बसली.

आता पुढच्या पिढीच्या विनाशिकेचा आराखडा नौदलाच्या आराखडा विभागात आकार घेत आहे. तिच्यात कोणते इंजिन असावे, कोणाचे रडार, कोणाची तोफ, हे ठरेल तेव्हा पुढची तीस-पस्तीस वर्षे आपण सुट्या भागांसाठी कोणाच्या दारात उभे राहणार, तेही त्याच बैठकीत ठरणार आहे. एक बाजू म्हणते, आता सगळे इथेच करा, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे पुरे झाले. दुसरी म्हणते, युद्धनौका ही प्रयोगशाळा नव्हे, सिद्ध झालेली यंत्रे जगातून घ्या आणि जहाजे वेळेवर समुद्रात उतरवा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून निकाल देण्याआधी इतिहास पाहावा लागतो.

१० डिसेंबर १९८३ रोजी ‘गोदावरी’ ही फ्रिगेट नौदलात आली. आपल्या आराखडाकारांचे ते पहिले मोठे धाडस. ब्रिटिश लिअँडर वर्गाच्या नौका माझगावात बांधता बांधता जे शिकलो, त्यावर बेतलेले मोठे शरीर. त्यावर सोव्हिएत तोफा आणि क्षेपणास्त्रे, ब्रिटनहून आलेली सी किंग हेलिकॉप्टरे आणि लढाईची माहिती एकत्र जुळवणारी इटालियन संगणक यंत्रणा. पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही घरांची यंत्रे एका जहाजावर नांदवणे तेव्हा कोणी सहसा करत नव्हते. आपल्या माणसांनी ते करून दाखवले. कोणा एका गटाचे मिंधे न होता जहाज उभे करण्याचा तो मार्ग होता आणि त्या काळात तो शहाणपणाचाच होता. पण त्याची किंमत भांडारात मोजावी लागते. यंत्रांच्या जितक्या जाती, तितक्या सुट्या भागांच्या याद्या, तितकी मोजमापांची प्रमाणे आणि तितके वेगवेगळे पुरवठादार.

त्यानंतरची ‘दिल्ली’ आपली पहिली मोठी स्वदेशी बांधणीची विनाशिका. लेनिनग्राडच्या सेव्हेर्नोये आराखडा संस्थेची तिला मदत होती. १९८७ मध्ये तिचा कणा ठेवला गेला, १ फेब्रुवारी १९९१ रोजी जलावतरण झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. आराखड्याचे सल्लागार रशियात राहिले, टर्बाइनचा कारखाना युक्रेनमध्ये गेला, बाकीचे पुरवठादार कुठल्या कुठल्या नव्या देशांत विखुरले. मॉस्कोतल्या एका खिडकीवर मिळणाऱ्या गोष्टीसाठी आता दहा दारे ठोठावावी लागली. पाण्यात उतरलेले जहाज नौदलाच्या हाती पडायला १५ नोव्हेंबर १९९७ उजाडले. जवळजवळ सात वर्षे. आणि सहाच महिन्यांनी, मे १९९८ मध्ये, पोखरणच्या चाचण्या झाल्या. अमेरिकेने निर्बंध लादले. सी किंग हेलिकॉप्टर ब्रिटनमध्ये तयार झालेले असले तरी त्याचे मूळ अमेरिकी, त्यामुळे त्याच्या भागांचा पुरवठा अडला आणि नौदलाची सी किंग जमिनीवर बसली. पूर्वेकडचे दार एका राजवटीच्या अंताने बंद झाले, पश्चिमेकडचे एका सरकारी आदेशाने. हे दोन्ही एका दशकात, एकाच नौदलाने सोसले. सुट्या भागांविषयी बोलताना हा अनुभव आपण फार लवकर विसरतो, असे आम्हाला वाटते.

‘कोलकाता’ वर्गाची गोष्ट आणखी बोलकी आहे, कारण तिथे अडले ते साधे पोलाद. युद्धनौकेला लागणारे खास पोलाद रशियाकडून यायचे होते, ते वेळेवर आले नाही. लांबलेल्या काळात रशियन तज्ज्ञांच्या सेवांचे दर वाढले, वेतने वाढली, शस्त्रांच्या आणि रडारांच्या किमती नंतर ठरल्या. तीन जहाजांचा मंजूर खर्च ३,५८० कोटी रुपयांवरून ११,६६२ कोटींवर गेला. ‘कोलकाता’चे जलावतरण मार्च २००६ मधले, ती नौदलात आली १६ ऑगस्ट २०१४ रोजी. तेव्हाही तिच्या हवाई संरक्षणाचे मुख्य क्षेपणास्त्र तयार नव्हते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी ती अवस्था. इस्रायल आणि आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने मिळून घडवलेले ते क्षेपणास्त्र ‘कोलकाता’वरून पहिल्यांदा डागले गेले २०१५ च्या डिसेंबरअखेर.

याच पोलादाच्या अडचणीने एक चांगली गोष्टही घडवली. हैदराबादच्या धातू संशोधन प्रयोगशाळेने भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या साथीने युद्धनौकेचे पोलाद इथेच तयार केले. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी त्याच जातीचे सुमारे ३०,००० टन पोलाद भारतीय कारखान्यांतून आले. ‘विशाखापट्टणम’ वर्गाच्या चारही विनाशिका त्याच पोलादाच्या आहेत. आज पत्र्यासाठी माझगावला कोणाच्या बोटीची वाट पाहावी लागत नाही. ‘सुरत’ जलावतरणानंतर ३१ महिन्यांत नौदलाच्या ताब्यात आली. जहाजाचे मोठमोठे ठोकळे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून आणून जोडण्याच्या पद्धतीचाही त्यात वाटा आहे, सगळे श्रेय पोलादाला देता येणार नाही. पण पोलाद घरचे नसते तर हा वेग शक्यच नव्हता.

म्हणून सगळेच घरी करा, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद भावनेवर उभा आहे असे कोणी समजू नये. त्यांच्या हातात पोलादाचे उदाहरण आहे. प्रश्न एवढाच की टर्बाइन हे पोलादाच्या पत्र्यासारखे आहे का?

जहाजावरचे गॅस टर्बाइन म्हणजे विमानाच्या जेट इंजिनाचा भाऊ. ते हवा पिते, आणि समुद्रावरची हवा म्हणजे मिठाचा बारीक फवारा. हवेच्या वाटेवर गाळण्या बसवलेल्या असतात, तरी थोडे मीठ आत जातेच आणि दाब वाढवणाऱ्या पात्यांवर साचते. ते गोड्या पाण्याने धुऊन काढावे लागते. पुढच्या भागात, जिथे इंधन जळते, तिथली पाती तापून लाल होतील अशा झोतात सतत उभी असतात. एखादे पाते तळहातावर मावेल एवढे असते. त्याच्या अंगात केसासारखी बारीक छिद्रे असतात, त्यातून थंड हवा खेळवतात म्हणून ते वितळत नाही. त्यातले एक छिद्र मिठाने किंवा काजळीने बुजले की ते पाते तेवढ्याच जागी करपू लागते. या यंत्राचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. ठरलेले तास भरले की अख्खे यंत्र हवेच्या वाटेनेच क्रेनने वर ओढून काढायचे, त्याच्या जागी दुसरे उतरवायचे, आणि काढलेले मोठ्या दुरुस्तीसाठी कारखान्यात पाठवायचे. तो कारखाना युद्धात सापडला असेल, तर बदलीचे यंत्र भांडारात आहे का, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

२०१४ मध्ये क्रिमिया गेल्यावर युक्रेनने रशियाला टर्बाइन देणे थांबवले. सोव्हिएत नौदलाची टर्बाइन पिढ्यान्‌पिढ्या मिकोलाइव्हमधून येत असल्याने रशियाच्या गोदीत फ्रिगेटची शरीरे इंजिनाविना पडून राहिली. त्यातली दोन भारताने घेतली. इंजिने भारताने युक्रेनकडून विकत घेऊन रशियातल्या कालिनिनग्राडच्या गोदीला दिली आणि ‘तुशिल’ डिसेंबर २०२४ मध्ये, ‘तमाल’ जुलै २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. एकमेकांवर तोफा डागणाऱ्या दोन देशांची कारागिरी एका भारतीय जहाजात एकत्र आली. आपल्या मुत्सद्द्यांचे आणि नौदलाच्या खरेदीदारांचे हे कसब मोठे आहे. त्याच वर्गाची आणखी दोन जहाजे, ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्य’, गोवा शिपयार्डमध्ये उभी राहत आहेत. म्हणजे वास्कोच्या कामगारांच्या हातातले कामही त्याच पुरवठ्याच्या वाटेशी जोडलेले आहे.

आणि रशियाने काय केले? इंजिनांची विद्या, धातूंची विद्या, संशोधन संस्था, पैसा, शिवाय मनात पेटलेली निकड, सगळे असूनही स्वतःचे टर्बाइन आणि स्वतःची गीअरपेटी बसवलेली पहिली फ्रिगेट ‘अॅडमिरल गोलोव्को’ त्यांच्या नौदलात आली ती डिसेंबर २०२३ मध्ये. नऊ वर्षांनी. ‘उद्यापासून सगळे आपलेच’ म्हणणाऱ्यांनी या नऊ वर्षांचा विचार करायला हवा. आपण स्वतः लढाऊ विमानासाठी आखलेल्या कावेरी इंजिनावरून जहाजासाठी १२ मेगावॉटचे टर्बाइन बनवले, विशाखापट्टणमच्या चाचणी केंद्रात ते चालवलेही, पण कुठल्या युद्धनौकेच्या पोटात ते अजून गेलेले नाही. ते प्रयत्न वाया गेले असे आम्ही म्हणत नाही. चाचणीच्या चौथऱ्यावर चालणे आणि वादळात, लढाईत, तीस वर्षे चालणे यात मात्र फार अंतर आहे.

मग युक्रेन सोडून अमेरिकेचे टर्बाइन का नको? जनरल इलेक्ट्रिकचे एलएम-२५०० हे टर्बाइन बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स जोडते, तपासते, दुरुस्त करते. ‘शिवालिक’ वर्ग, ‘विक्रांत’, नव्या ‘निलगिरी’ वर्गाच्या फ्रिगेट, सगळ्यांत तेच आहे. जगभरच्या नौदलांत ते आहे, त्यामुळे त्याचे भाग बनायचे थांबतील ही भीती नजीकच्या काळात नाही. हा युक्तिवाद वजनदार आहे. पण त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली तांत्रिक. ‘कोलकाता’ वर्गातली युक्रेनी टर्बाइन उलटी फिरवता येणारी आहेत. जहाज मागे घ्यायचे तर यंत्रच उलट दिशेने जोर लावते. अमेरिकी टर्बाइन तसे नाही. ते वापरायचे तर पंख्याची पाती जागच्या जागी वळवणारी यंत्रणा किंवा वेगळी गीअरपेटी लागते. म्हणजे जुन्या जहाजातले एक काढून दुसरे बसवणे हे घरातला पंखा बदलण्याइतके सोपे नाही, शाफ्टपासून पंख्यापर्यंत सगळी रचना बदलावी लागेल. इंजिनाची निवड आराखड्याच्या हाडात मुरते, ती अशी. दुसरी मर्यादा राजकीय. २००९ च्या सुरुवातीला अमेरिकेत सरकार बदलले आणि परराष्ट्र खात्याने त्या कंपनीला ‘शिवालिक’च्या टर्बाइनवरचे काम थांबवायला सांगितले. ‘शिवालिक’ माझगावात उभी, टर्बाइन तिच्या पोटात बसलेली, आणि ती सुरू करून द्यायला माणसे येईनात. काही महिन्यांत अडचण सुटली. पण १९९८ ची आठवण पुसली गेली नव्हती, तेवढ्यात हे घडले.

दुकान बदलल्याने उधारीचा स्वभाव बदलत नाही, हे यातून दिसते. रशिया, अमेरिका, युक्रेन, या तिन्ही दिशांनी गेल्या पस्तीस वर्षांत आपला पुरवठा कधी ना कधी अडला, आणि प्रत्येक वेळी कारण आपल्या हातातले नव्हते.

परदेशातल्या नौदलांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ब्रिटनच्या टाइप-४५ विनाशिकांचे उदाहरण घ्या. उत्तम रडार, उत्तम क्षेपणास्त्रे. पण इंजिन मात्र नव्या धाटणीचे, डब्ल्यूआर-२१ नावाचे, इंधन वाचवण्यासाठी आत थंडावा देणारी आणि उष्णता परत वापरणारी यंत्रणा असलेले. दुसऱ्या कुठल्याही जहाजवर्गाने ते घेतले नाही. बारा जहाजांची योजना सहावर आली. आखातातल्या गरम पाण्यात ही यंत्रणा दमू लागली, जहाजावरची वीजच जाऊ लागली. शेवटी प्रत्येक जहाजाची कूस कापून दोन डिझेल जनित्रांच्या जागी तीन मोठी जनित्रे बसवायचा निर्णय झाला. त्या कामासाठी ‘डाँटलेस’ वर्षानुवर्षे गोदीत राहिली आणि २०२२ मध्ये पुन्हा समुद्रावर गेली. एकट्या गिऱ्हाइकासाठी बनलेल्या यंत्राची ही शिक्षा आहे.

अमेरिकेच्या ‘झुमवॉल्ट’ वर्गाची कथा त्याहून कठोर. बत्तीस जहाजे बांधायची होती, तीन झाली. त्यांच्या खास तोफेसाठी खास गोळा बनवला होता. जहाजे घटली तशी त्याची संख्या घटली आणि एका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरच्या घरात गेली. २०१६ मध्ये नौदलाने गोळे घेणेच सोडून दिले. तोफा राहिल्या, दारूगोळा नाही. आणि त्याच नौदलाची ‘आर्ली बर्क’ वर्गाची विनाशिका १९९१ मध्ये पहिल्यांदा सेवेत आली आणि आजतागायत बांधली जाते आहे. सत्तरहून अधिक सेवेत आहेत, प्रत्येकीत चार एलएम-२५००. आतले संगणक आणि रडार बदलत गेले, पोट तेच राहिले. हजारो खलाशी, शेकडो कारखाने आणि एकच ओळखीचे यंत्र. तिथेही सुट्या भागांची ओरड आहे, पण ‘हा भाग जगात कोणीच बनवत नाही’ असे सांगायची वेळ सहसा येत नाही.

आपल्या दहा विनाशिका, ‘दिल्ली’पासून ‘सुरत’पर्यंत, एकाच वंशाच्या आहेत, ही आपल्या आराखडाकारांची दूरदृष्टी म्हणावी लागेल. ‘दिल्ली’चे शरीर सुधारून ‘कोलकाता’, ‘कोलकाता’चे सुधारून ‘विशाखापट्टणम’. तीन वर्ग, एक घराणे. टर्बाइनच्या भागांचा साठा, ती उघडून जोडणाऱ्या कारागिरांचे शिक्षण, हत्यारे, सगळे पुढच्या पिढीला उपयोगी पडते. ‘विशाखापट्टणम’ वर्गासाठी आधी मोठी १२७ मिलिमीटरची परदेशी तोफ घ्यायची होती. ती राहून गेली आणि हरिद्वारला भेलमध्ये बनणारी ७६ मिलिमीटरची तोफच बसवली गेली. काहींना ही माघार वाटली. लांब पल्ल्याचा मारा कमी झाला हे खरे, पण जी तोफ नौदलाच्या कितीतरी जहाजांवर आधीच आहे, जिचे भाग देशात मिळतात, ती बसवण्यातही जमेची बाजू आहे. आमच्या मते ती छोटी नाही.

आता भांडाराकडे वळू. घाटकोपरच्या नौदल सामग्री आगारात जहाजांसाठी लाखो वस्तूंचा हिशेब राहतो. प्रत्येक जहाज घेताना दोन प्रकारचे भाग घ्यायचे असतात : जहाजावर सोबत ठेवायचे आणि तळावर साठवायचे. खर्च वाढला, करार लांबला, की सर्वांत आधी कात्री लागते ती दुसऱ्या प्रकारावर. नव्या जहाजाचा फोटो छापून येतो. रबरी सीलच्या खोक्याचा येत नाही. मग वेळ आली की शेजारी गोदीत उभ्या असलेल्या जहाजातला भाग काढून समुद्रात निघालेल्या जहाजाला लावतात. एक जहाज वेळेवर निघते, दुसऱ्याची दुरुस्ती लांबते, आणि कामगाराला एकाच भागासाठी दोनदा उघडझाप करावी लागते. अडीनडीला हे करावे लागते, पण ती सवय बनली तर ताफ्यातल्या जहाजांची कागदावरची संख्या आणि खरी संख्या वेगळी होते.

मग जास्त साठवून ठेवावे, हे उत्तर आहे का? अर्धवट आहे. भांडारात पैसा अडकतो. रबर दहा वर्षांत कडक होते. रडारमधले संगणकाचे भाग जहाजाचे आयुष्य संपण्याआधी तीन-चार वेळा कालबाह्य होतात, त्यांचा ढीग साठवणे म्हणजे भंगार आगाऊ विकत घेणे. टर्बाइनची पाती, बेअरिंगे, गीअरचे दाते मात्र शिळे होत नाहीत. त्यांचा साठा युद्धकाळातल्या धान्याच्या कोठारासारखा आहे. या दोन जातींना एकाच नियमाने खरेदी करणे ही आपल्या पद्धतीतली खरी चूक आहे.

आणि देशात बनवायचे म्हटले तर लहान कारखानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. समजा, अंबरनाथच्या एखाद्या कारखान्याला पंपाचे चार सील बनवून द्यायला सांगितले. मूळ रेखाचित्र मिळत नाही, कारण करारात ते मागितलेच नव्हते. जुना झिजलेला नमुना मोजून रेखाचित्र काढायचे, साचा करायचा, मग कंपन, मीठ, उष्णता यांच्या चाचण्या. चाचणीचा खर्च चार सीलच्या किमतीच्या कितीतरी पट. पुढची मागणी तीन वर्षांनी, आणि तेव्हा निविदा सर्वांत कमी दराला, म्हणजे ज्याने घाम गाळून तो भाग घडवला त्यालाच मिळेल याची खात्री नाही. तो माणूस दुसऱ्यांदा दारात येणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

यात चांगले काही घडतच नाही असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये नौदलाने पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी जहाजाच्या ६ मेगावॉट डिझेल इंजिनाच्या विकासाचा २७० कोटी रुपयांचा करार केला. त्यातला ७० टक्के खर्च सरकार उचलणार आहे. खरेदीदाराने जोखमीत वाटा उचलायचा, ही वृत्ती नवी आणि योग्य आहे. पुण्याच्याच कल्याणी समूहाने झोर्या-माशप्रोएक्तच्या भारतीय कंपनीत हिस्सा घेतला आहे. मिकोलाइव्हचे ज्ञान इथल्या यंत्रशाळेत येण्याची वाट त्यातून उघडू शकते. ती वाट सरकारी फायलींत अडू नये, एवढीच काळजी आहे.

आमचा निर्णय असा. सात विनाशिकांतली अठ्ठावीस टर्बाइन बदलण्याच्या घोषणा करू नयेत. ती चांगली यंत्रे आहेत. ‘कोलकाता’ने मार्च २०२४ मध्ये किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर चाळीस तास पाठलाग करून ‘रुएन’ जहाजावरच्या ३५ चाच्यांना शरण आणले आणि १७ खलाशी सोडवले, तेही याच यंत्रांच्या भरवशावर. त्यांची मोठी दुरुस्ती, पाती आणि बेअरिंगे देशात बनवण्याचा अधिकार आणि रेखाचित्रे, यांसाठी पैसा आजच मोजावा, युद्ध संपण्याची वाट न पाहता. तहान लागल्यावर विहीर खोदण्याचा अनुभव आपल्याला १९९१ मध्ये एकदा आला आहे. स्वदेशी टर्बाइनवर सातत्याने काम चालू द्यावे, पण पुढच्या विनाशिकेच्या पहिल्या जहाजाची तारीख त्याच्यावर टांगू नये. आधी ते एखाद्या छोट्या किंवा मदत जहाजात चालू द्या. पुढच्या वर्गासाठी परदेशी टर्बाइन घ्यायचे झालेच, तर ताफ्यात आधीपासून असलेल्या जातींपैकीच असावे, नवी जात नको. लहान पुरवठादाराला एकदा भाग मान्य झाला की निदान दहा वर्षांची मागणी लेखी द्यावी.

याला दुसरी बाजू आहे, हे आम्ही जाणतो. रेखाचित्रांचा हक्क आणि देशातल्या दुरुस्तीची सोय मागितली की विक्रेता किंमत वाढवतो. त्या पैशात कदाचित एखादे जहाज कमी बांधता येईल. समुद्र एवढा मोठा असताना जहाज कमी करणे कोणालाच आवडणार नाही, आम्हालाही नाही. तरी गोदीत भागासाठी खोळंबलेल्या दहा जहाजांपेक्षा समुद्रावर फिरणारी नऊ जहाजे या देशाला जास्त उपयोगी आहेत, असे आमचे ठाम मत आहे.

पुढच्या विनाशिकेचा पहिला पत्रा माझगावात कापला जाईल तेव्हा समारंभ होईल, नारळ फुटेल, छायाचित्रे निघतील. त्याच्या आधी, तिच्या तीस वर्षांच्या सुट्या भागांचा करार संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवला जावा, अशी आमची संरक्षण मंत्रालयाला विनंती आहे.